मोफत आयव्हीएफ मिळाले. त्याचा हिशेब कधी मिळणार?

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये आयव्हीएफ उपचार, म्हणजे स्त्रीचे बीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडण्याचा उपचार, मोफत देणारे केंद्र सुरू झाले, ही गोव्याच्या आरोग्यव्यवस्थेतील किरकोळ घटना नव्हे. खासगी रुग्णालयात या उपचाराच्या एका आवर्तनाला, म्हणजे एका पूर्ण फेरीला, साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात आणि पहिल्याच आवर्तनात गर्भ राहील अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. आयुष्मान भारत योजनेने वंध्यत्वावरील उपचार आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे सत्तरी, पेडणे किंवा काणकोणातल्या बेताच्या मिळकतीच्या जोडप्यापुढे दागिने गहाण टाकणे किंवा गप्प बसणे असे दोनच पर्याय आजवर उरत होते. तिसरा पर्याय सरकारने उभा केला, याबद्दल त्या सरकारचे आणि तेथील डॉक्टरांचे कौतुक व्हायला हवे, आणि ते मी मोकळ्या मनाने करतो.

मात्र या केंद्राबद्दलची चर्चा किती मुले जन्माला आली आणि श्रेय कोणाचे, एवढ्यापाशीच अडकलेली दिसते. एखादे बाळ जन्मले की छायाचित्र छापून येते. उपचार घेऊनही ज्यांच्या पदरी काही पडले नाही अशा स्त्रियांची संख्या कोणी विचारत नाही, आणि खरे तर तीच संख्या कळल्याशिवाय पहिल्या संख्येला काही अर्थ नसतो. माझे म्हणणे असे की, सरकारी तिजोरीतून चालणारे केंद्र गोव्यातील स्त्रियांचे उपचाराइतकेच आणखी एक देणे लागते, आणि ते म्हणजे त्यांच्या बीजांडकोशाविषयीचे (ओव्हरीविषयीचे) खरे, तपासलेले आणि उघड केलेले ज्ञान. खासगी बाजारात मोफत उपचार नसतातच, पण त्याहूनही दुर्मीळ असते ती फायद्यातोट्याशी संबंध नसलेली माहिती. ती निर्माण करण्याची ऐपत आज गोव्यात फक्त बांबोळीला आहे.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.३ इतका आढळला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या कितीतरी खाली. मूळ गोमंतकीय कमी होत चालले आहेत ही खंत आपल्याकडे राजकीय सभांपासून देवळाच्या मंडपापर्यंत ऐकू येते, आणि आयव्हीएफ केंद्राला त्या खंतेच्या दावणीला बांधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण जननदर घसरतो तो उशिरा होणाऱ्या लग्नांमुळे, घरांच्या किमतींमुळे, नोकरीसाठी परदेशी गेलेल्या तरुणांमुळे आणि मुख्य म्हणजे एक किंवा दोनच मुले हवीत या जोडप्यांच्या स्वतःच्या निर्णयामुळे. वर्षाकाठी काहीशे आवर्तने करणारे कोणतेही केंद्र हा आकडा हलवू शकणार नाही. वंध्यत्वाचा उपचार सरकारने द्यायचा तो समाजाची संख्या भरून काढण्यासाठी नव्हे. ज्या स्त्रीला मूल हवे आहे आणि होत नाही, तिचा तो आजार आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. एवढे कारण पुरेसे आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. बीजांडकोश हा शरीरातला विलक्षण अवयव आहे, कारण त्याचे भांडवल जन्माआधीच ठरते. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असताना तिच्या बीजांडकोशात साठ ते सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी त्यांतल्या दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि संपूर्ण आयुष्यात त्यांपैकी फार तर चारशे-पाचशे बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची सगळी, पाळी आली काय, गर्भ राहिला काय किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या काय, अविरत झिजत जातात. शिवाय प्रत्येक बीजपेशी आपले विभाजन जन्मापूर्वी सुरू करून मध्येच थांबलेली असते आणि ते पुढे सरकते ते थेट बीज बाहेर पडण्याच्या सुमारास. म्हणजे चाळीस वर्षांच्या स्त्रीचे बीज चाळीस वर्षे त्याच अर्धवट अवस्थेत थांबलेले असते. इतक्या वर्षांत गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिने विरत जातात, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकते, आणि म्हणून वयाबरोबर गर्भ न राहण्याचे व गर्भपाताचे प्रमाण वाढते. हे दुखणे राहणीमानाचे नाही आणि कोणाच्या पापपुण्याचेही नाही. व्यायाम, आहार, काढे यांनी सर्वसाधारण प्रकृती सुधारेल. पण तुटलेली वाटणी त्याने जुळून येते असे दाखवणारा पुरावा नाही.

हा साठा जन्मानंतर वाढत नाही, हा सिद्धांत सॉली झुकरमन यांनी १९५१ मध्ये ठामपणे मांडला आणि अर्धशतकभर तो जवळजवळ निर्विवाद राहिला. २००४ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांच्या बीजांडकोशात नवी बीजे तयार करणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) असल्याचा दावा केला आणि २०१२ मध्ये मानवी बीजांडकोशातही तशा पेशी सापडल्याचे म्हटले. दावा मोठा होता आणि तो तपासला जाणे आवश्यकच होते. तसा तो अनेक प्रयोगशाळांनी तपासला. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मानवी बीजांडकोशाच्या बाह्यस्तरातील एकेक पेशी वेगळी करून अभ्यासली, तेव्हा त्यांना अशा मूलपेशी आढळल्या नाहीत. वाद पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही, पण पारडे झुकरमन यांच्याच बाजूला झुकलेले आहे. गंमत अशी की विज्ञानाचा निकाल लागायच्या आत बाजाराने आपला निकाल लावून टाकला होता. टिली यांच्या संशोधनावर उभ्या राहिलेल्या ओव्हासायन्स या कंपनीने बीजे ‘ताजीतवानी’ करण्याचा उपचार काही देशांत विकायलाही काढला. अपेक्षित फळ दिसले नाही आणि २०१८ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली.

ही हकीकत परदेशातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण तिची भावंडे आपल्या गावात आलेली आहेत. स्त्रीच्याच रक्तातून बिंबाणूंनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध केलेला द्रव काढून तो सुईने बीजांडकोशात टोचायचा, ज्याला पीआरपी म्हणतात, आणि त्याला ‘ओव्हरीचे पुनरुज्जीवन’ असे गोंडस नाव द्यायचे, हा उपचार आज भारतभर जाहिरातींतून विकला जातो. त्याने मूल होण्याची शक्यता वाढते हे योग्य तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही, आणि युरोपातील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने २०२३ मध्ये मूळ उपचाराला जोडून विकल्या जाणाऱ्या अशा जोडउपचारांबाबत दिलेल्या शिफारशींमध्येही नेहमीच्या वापरासाठी त्याला मान्यता नाही. संशोधन करूच नये असा याचा अर्थ नाही. जपानमध्ये काझुहिरो कावामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अकाली निकामी झालेल्या बीजांडकोशाचे तुकडे करून, त्यांतील सुप्त पुटिका (बीज ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्या) औषधांनी जाग्या करून ते परत बसवले आणि एका स्त्रीला मूल झाले, हे खरोखरच थक्क करणारे काम होते. फरक एवढाच की कावामुरांनी ते प्रयोग म्हणून केले आणि किती स्त्रियांवर केले, कितींना यश आले नाही, हे प्रसिद्ध केले. पैसे घेऊन प्रयोग करायचा आणि निष्कर्ष मात्र कुठे नोंदवायचा नाही, याला संशोधन म्हणता येत नाही. त्याला दुसरा शब्द आहे, पण तो येथे लिहीत नाही.

जोडउपचारांची परीक्षा घेतली की काय होते याचा एक दाखला फार बोलका आहे. गर्भ सोडण्यापूर्वी गर्भाशयाचे अस्तर खरवडले तर गर्भ चांगला रुजतो, असे वर्षानुवर्षे मानले जाई आणि जगभर हजारो स्त्रिया त्या वेदना सहन करून पैसेही मोजत. न्यूझीलंडमधून चालवलेल्या आणि अनेक देशांतील १,३६४ स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्तर खरवडलेल्या गटात जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण २६.१ टक्के आणि न खरवडलेल्या गटातही २६.१ टक्के होते. अशी चाचणी खासगी दवाखाना एकट्याने सहसा करणार नाही, कारण तिचा निकाल त्याच्या बिलातली एक ओळ कमी करणारा असू शकतो. ती सरकारी रुग्णालयेच करू शकतात.

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) या रक्ततपासणीचेही असेच झाले आहे. बीजांडकोशातील लहान पुटिकांभोवतीच्या पेशी हे संप्रेरक तयार करतात, त्यामुळे त्याच्या पातळीवरून साठा किती उरला आहे याचा अंदाज येतो आणि आयव्हीएफसाठी इंजेक्शनांची मात्रा ठरवताना तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. तेवढ्यापुरती ही तपासणी मोलाची आहे. पण कणगीत किती कुडव भात आहे हे मोजल्याने त्यातला दाणा उगवेल की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांची एएमएच पातळी कमी होती त्यांना नैसर्गिकपणे गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. असे असताना पणजी-मडगावच्या प्रयोगशाळांच्या आरोग्य-पॅकेजांत ही तपासणी घालायची आणि अविवाहित मुलीच्या हातात ‘कमी’ असा शिक्का मारलेला कागद द्यायचा, हे तिला विनाकारण घाबरवणे आहे. उद्या स्थळे बघताना पत्रिकेसोबत हा आकडाही मागितला जाऊ लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

त्यातून हा ‘कमी’ कशाच्या तुलनेत ठरतो, हाही प्रश्न आहेच. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ती ५१ च्या आसपास जाते. स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना करणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतीय स्त्रियांच्या बीजांडकोशाचे वय सुमारे सहा वर्षांनी पुढे असल्याचे सुचवले होते. हा निष्कर्ष तेव्हापासून घाई करा म्हणून सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीच्या कामी येतो. पण तो अभ्यास वंध्यत्व उपचारासाठी आलेल्या स्त्रियांवर झालेला होता. घरोघरच्या निरोगी स्त्रियांवर नव्हे. गोव्यातल्या मासे-भात खाणाऱ्या, उशिरा लग्न करणाऱ्या, बहुतांशी शिकलेल्या स्त्रियांच्या बाबतीत कोणत्या वयाला कोणती पातळी सर्वसाधारण मानावी, हे सांगणारे मोजमाप बांबोळीच्या प्रसूती विभागाने आणि गावोगावच्या आरोग्य केंद्रांनी मिळून काढले, तर त्याला खर्च फारसा येणार नाही आणि त्याचा उपयोग पुढची वीस-तीस वर्षे होईल. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचे, जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयात होणारे हे राज्य अशा पाठपुराव्याला जितके सोयीचे आहे, तितके देशात फार थोडे प्रदेश असतील.

स्त्रीच्या वयावर बोट ठेवण्याची आपली सवय मात्र जाहिरातींच्या कितीतरी आधीची आहे, आणि गोव्यात तर ती कायद्यात लिहिलेली आहे. ज्या समान नागरी कायद्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याच्याच छायेत पोर्तुगीजांनी १८८० मध्ये येथील हिंदूंच्या चालीरीतींसाठी केलेला हुकूमनामा आहे. पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिला अपत्य झाले नाही, किंवा ती तीस वर्षांची होईपर्यंत पुत्र झाला नाही, तर ठरावीक अटींवर पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा त्यात आहे. ही तरतूद व्यवहारात केव्हाच मृतवत झाली. तरी ती लिहिणाऱ्यांची दृष्टी काय होती हे लपत नाही. पतीच्या अंगी काही उणीव असू शकेल, ही शक्यता त्या कलमाच्या आसपासही फिरकलेली नाही.

ती दृष्टी अजून गेलेली नाही. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने असते, आणि वीर्यतपासणी ही या सगळ्या तपासण्यांमधली सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि काहीच न दुखवणारी तपासणी आहे. तरीही घरोघरी क्रम उलटा दिसतो. बाईची सोनोग्राफी होते, रक्ततपासण्या होतात, बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या उघड्या आहेत का हे पाहण्यासाठी दुखणारा एक्स-रे होतो, मधल्या काळात ओट्या भरून होतात, कौल-प्रसाद घेऊन होतात, आणि हे सगळे थकले की मग कोणीतरी चाचरत म्हणतो की एकदा त्यालाही दाखवून बघा. नवस बोलण्याला माझी हरकत नाही. नवसाने कोणाच्या बीजांडकोशाला इजा होत नाही. इंजेक्शनांनी होऊ शकते. बीजे वाढवण्याच्या औषधांनी बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचणे, रक्ताच्या गुठळ्या होणे आणि क्वचित प्राणावर बेतणे, हा ज्ञात धोका आहे; नव्या पद्धतींनी तो बराच कमी झाला असला तरी शून्य झालेला नाही. म्हणून पतीचा तपासणी अहवाल कागदपत्रांत लागल्याशिवाय कोणत्याही स्त्रीचे नाव आयव्हीएफच्या यादीत जाऊ नये, असा नियम सरकारी केंद्राने छापून दाराशी लावावा. नियमाचा फायदा असा की सासूला ‘डॉक्टरच ऐकत नाहीत’ असे सांगता येते.

उपचाराच्या पायऱ्यांबद्दलही असेच म्हणता येईल. गोव्यात ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात त्या विकारात बीज तयार होते पण वेळेवर बाहेर पडत नाही. अशा बहुतेक स्त्रियांना आयव्हीएफची गरजच नसते. अनेकींना गोळ्यांनी बीज बाहेर पडते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना, तर जुने क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, आणि आज जगभर लेट्रोझोल हीच पहिली पसंती आहे. येथे आपल्या देशाची एक आठवण सांगायला हवी. याच लेट्रोझोलच्या वंध्यत्वासाठीच्या वापरावर भारत सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी घातली होती. हे औषध मुळात स्तनाच्या कर्करोगाचे, आणि जन्मणाऱ्या बाळांत व्यंग येण्याची भीती व्यक्त झाली होती; पुढच्या अभ्यासांत ती भीती खरी ठरली नाही आणि काही वर्षांनी बंदी उठली. दरम्यानच्या काळात कितीतरी स्त्रिया काही रुपयांच्या गोळीऐवजी हजारोंच्या इंजेक्शनांकडे ढकलल्या गेल्या असतील. पीआरपीला पुराव्याशिवाय वाट मोकळी आणि लेट्रोझोलला पुरेशा पुराव्याशिवाय बंदी, या दोन्ही गोष्टी एकाच दुर्बलतेतून आल्या आहेत. आपल्या स्त्रियांवर आपण स्वतः पुरेशा चाचण्या केलेल्या नाहीत.

या गोळ्या देण्यासाठी आणि सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहण्यासाठी बांबोळीच लागते असे नाही. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय येथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वंध्यत्वाची बाह्यरुग्ण तपासणी चालली, तर मोठ्या केंद्राच्या यादीतली गर्दी ओसरेल. भारतात नळ्या बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षय हे मोठे कारण आहे आणि क्षयाची औषधे सरकार मोफत देते. तो वेळीच ओळखला तर काही स्त्रियांची नळ्यांची हानी टळेल. आयव्हीएफमध्ये बीजे वाढवण्याची इंजेक्शने साधारण दहा-बारा दिवस चालतात आणि त्या काळात वारंवार सोनोग्राफीला जावे लागते. काजूच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्या वाळपईच्या किंवा काणकोणच्या बाईला उपचार मोफत असला तरी त्या दिवसांचा रोज बुडतो, बसभाडे जाते, आणि वाड्यावर कुठे जातेस याचे उत्तर द्यावे लागते. इंजेक्शने आणि मधल्या सोनोग्राफ्या जवळच्या आरोग्य केंद्रात झाल्या, तर मोफत या विशेषणाला अर्थ येईल. संमतीपत्र मराठी-कोकणीत आणि वाचून दाखवून घेतले जावे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

सरकारी रुग्णालयांना संशोधन कसले जमणार, असे ज्यांना वाटते त्यांना या विषयाचा भारतीय इतिहास माहीत नसावा. जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरे. इंग्लंडच्या गटाने त्या पहिल्या बाळाच्या वेळी नैसर्गिक पाळीतले एकच बीज वापरले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरकांनी बीजांडकोश उत्तेजित केला आणि गर्भ गोठवून नंतरच्या पाळीत सोडला. आजचे आयव्हीएफ या दोन्ही गोष्टींवर चालते. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळ येथील संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला व तेच देशातले पहिले मानले गेले. आनंद कुमार यांनी नंतर मुखोपाध्यायांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि १९९७ मध्ये, पहिलेपणाचा स्वतःचा मान खाली ठेवून, तो कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा असल्याचे जाहीर केले. हे त्यांना करता आले ते कागद शिल्लक होते म्हणून. या देशात आयव्हीएफ आणले ते सरकारी आणि महापालिकेच्या संस्थांनी. मधल्या चाळीस वर्षांत आपण ते बाजाराच्या स्वाधीन केले. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्याच्या महाविद्यालयाने केवळ सेवा पुरवण्यावर समाधान मानावे, हे त्या परंपरेला साजेसे नाही.

कायद्याचा आधारही आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची केली, स्त्रीसाठी वयाची मर्यादा २१ ते ५० ठेवली, बीजदान आयुष्यात एकदाच आणि सातच बीजांपुरते मर्यादित केले (ही सातची मर्यादा शरीरशास्त्राला धरून नाही, कारण उत्तेजित बीजांडकोश मोजून सात बीजे देत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय), आणि जोडप्याला यशाची शक्यता व धोके समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक केले. उपचारांचे फलित राष्ट्रीय नोंदवहीकडे जावे अशीही योजना त्यात आहे. पण माहिती दिल्लीला जाणे आणि ती साखळी गावातल्या बाईला वाचता येणे यात फार अंतर आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने केंद्रांचे यशाचे आकडे सरकार प्रसिद्ध करते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून काम करणारे नियामक प्राधिकरण ते केंद्रवार देते. बांबोळीला ते करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षी किती स्त्रियांची नावे नोंदली गेली, कितींचे उपचार गोळ्यांवर भागले, किती आवर्तने सुरू झाली आणि किती मध्येच सोडावी लागली, वयोगटानुसार किती बाळे जन्मली, किती जुळी झाली, कितींना अतिउत्तेजनाचा त्रास झाला, एवढे कोणाचेही नाव न घेता छापायचे आहे.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आकडे उघड झाले की केंद्रे अवघड पेशंट टाळू लागतात, यशाचे प्रमाण चांगले दिसावे म्हणून तरुण स्त्रियाच निवडतात. परदेशात असे घडल्याच्या तक्रारी आहेत. म्हणूनच मी वयोगटानुसार आणि नाव नोंदवलेल्या स्त्रियांच्या संख्येपासून हिशेब मागतो. ज्यांना नाकारले त्यांची मोजणी झाली की निवड लपत नाही. दुसरा आक्षेप असा की मधुमेह आणि डायलिसिसला पैसा अपुरा असताना वंध्यत्वावर तो का घालवावा. मला वाटते, घालवावा, पण मर्यादेत. आणि ती मर्यादा, म्हणजे कोणत्या वयापर्यंत आणि किती आवर्तने, ही आमदाराच्या चिठ्ठीवर न ठरता छापील निकषांवर ठरावी. एका गटाला मात्र रांगेत उभे करू नये. कर्करोगाच्या औषधांनी ज्या मुलीचा बीजांडकोश निकामी होणार आहे, तिची बीजे किंवा बीजांडकोशाचा तुकडा उपचाराआधीच्या थोड्या दिवसांत गोठवावा लागतो. अशा तुकड्याच्या पुनर्रोपणानंतरचे पहिले बाळ बेल्जियममध्ये २००४ मध्येच जन्मले आहे. अशा मुली गोव्यात वर्षाला थोड्याच असतील, पण त्यांच्यासाठी कर्करोग विभागातून प्रजनन विभागाला त्याच दिवशी निरोप जाण्याची पद्धत आजच ठरवता येते.

आणि शेवटी नकाराचा अधिकार. ब्रिटनच्या आकड्यांनुसार ३५ वर्षांखालील स्त्रीच्या गर्भाशयात सोडलेल्या गर्भापासून बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश असते. त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजांनी ती पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते. हे ऐकवल्यावर जी बाई उठून जाते ती खासगी दवाखान्याच्या दृष्टीने गेलेले उत्पन्न असते, म्हणून तिला ‘एकदा प्रयत्न करून बघू’ असे सांगितले जाण्याचा धोका राहतो. बांबोळीच्या डॉक्टरला तिच्या उठून जाण्याने काही तोटा होत नाही. तिच्यासमोर आपल्याच केंद्राचे, आपल्याच तालुक्यांतल्या स्त्रियांचे आकडे ठेवून, दत्तक घेण्यापासून दात्याच्या बीजापर्यंतचे आणि काहीच न करण्याचेही पर्याय समजावून, ‘हे आवर्तन मी सुचवणार नाही’ असे तो सांगू शकतो. पण त्यासाठी ते आकडे आधी त्याच्या हातात असायला हवेत.